घरात पिल्लू आणलंय? आधी फडताळ उघडा

पिल्लू घरी आलं की पहिला आठवडा पट्टा, वाडगा, गादी आणि लसी यातच जातो. स्वयंपाकघराकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण कुत्र्याच्या जेवणाचा वेगळा विचार करायची आपल्याकडे पद्धतच नव्हती. रात्रीची चतकोर भाकरी, पातेल्याच्या तळाची आमटी, ताटातली हाडं, जे उरेल ते कुत्र्याचं.

"आमच्या गावाकडचं कुत्रं सगळं खायचं, त्याला कधी काही झालं नाही," हे तुम्हालाही कुणीतरी सांगेलच. मीही हे बरीच वर्षं खरं मानलं. पण गावाकडचं कुत्रं एक दिवस गोठ्यामागे मरून पडलेलं दिसायचं, तेव्हा ते कशानं गेलं हे कुणी तपासलं होतं? कांद्यामुळे रक्त कमी होतं ते खाल्ल्यानंतर तीन-चार दिवसांनी दिसतं. मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होतात ती एक ते तीन दिवसांत. तोवर काय खायला घातलं होतं ते घरात कुणाला आठवतही नसतं.

पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यांसाठी हे क्रमानं लिहिते आहे. याच क्रमानं करा.

१. कुत्र्याचं वजन लिहून ठेवा

विषबाधेचा सगळा हिशेब दर किलो वजनामागे असतो. तेवढाच चॉकलेटचा तुकडा तीस किलोच्या लॅब्रेडॉरला पचून जाईल आणि तीन किलोच्या पॉमेरेनियनला दवाखान्यात नेईल. घरच्या वजनकाट्यावर आधी एकट्यानं उभं राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्याचं वजन. पिल्लू असेल तर दर पंधरा दिवसांनी नवा आकडा लिहा.

२. रात्रीचा डॉक्टर आजच शोधा

लस देणारे डॉक्टर रात्री नऊनंतर फोन उचलतात का, हे त्यांनाच विचारा. उचलत नसतील तर जवळपास रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, तिथे सलाईन लावायची आणि रक्त तपासायची सोय आहे का, हे आधी जाऊन बघून या. मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, म्हणजे जुन्या लोकांचं बैलघोडा हॉस्पिटल, सगळ्यांना माहीत असतं. तालुक्याच्या गावी मात्र सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी येतात. तिथे कुत्र्याच्या तातडीच्या उपचारांची सोय नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी किती वेळात पोहोचता येतं ते धरून ठेवा.

३. आता फडताळ उघडा

*मनुका, बेदाणे, द्राक्षं आणि चिंच*

माझ्या मते मराठी घरात सगळ्यात धोक्याचा डबा हा. कारण तो सणाचा आणि प्रसादाचा आहे, आणि प्रसाद देणाऱ्या हाताला नाही म्हणणं अवघड जातं.

आमची भुरी तेव्हा दोन वर्षांची होती, वजन चौदा किलो. गौरी-गणपतीचे दिवस. शेजारच्या आजींकडे आरती झाली आणि भुरी नेहमीसारखी त्यांच्या दारात जाऊन बसली. परत आली तेव्हा तिच्या नाकाला खोबऱ्याचा कीस चिकटला होता. खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस, अशी पाच 'ख'ची खिरापत. आजींना विचारलं तर त्या कौतुकानं म्हणाल्या, "अगं, दोन मुठी दिल्या, किती आवडीनं खाल्लंन!" घड्याळात साडेआठ वाजले होते. सव्वानऊला डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी काढली आणि त्यात मी स्वतः चौदा मनुका मोजल्या, पोटातल्या ओलाव्यानं द्राक्षाएवढ्या टम्म फुगलेल्या. दोन दिवस सलाईन, तीन वेळा रक्ताची तपासणी. भुरीची मूत्रपिंडं शाबूत राहिली. आजी दोन्ही दिवस दवाखान्यात येऊन तिच्याजवळ बसल्या होत्या.

द्राक्षांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे पशुवैद्यांना बऱ्याच आधीपासून माहीत होतं, पण नेमकं कशामुळे ते कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. धागा मिळाला तो घरी मळलेल्या, मुलांच्या खेळण्याच्या कणकेतून. तिच्यात क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टारिक आम्लाचाच क्षार होता आणि ती खाल्लेल्या कुत्र्याची लक्षणं हुबेहूब द्राक्षांसारखी होती. पुढे चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही मूत्रपिंडाची तीच इजा नोंदवली गेली.

हे वाचलं तेव्हा मी आमटीच्या पातेल्याकडे बघत राहिले. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असतं. आपल्याकडे चिंचेचा कोळ आमटीत, अळूच्या फतफत्यात, भेळेच्या चटणीत आणि पाणीपुरीच्या पाण्यात असतो, मुलांच्या खिशात चिंचेच्या गोळ्या असतात. परदेशी याद्यांमध्ये द्राक्षं ठळक अक्षरात असतात आणि चिंच सहसा नसतेच, म्हणून ती तुम्ही स्वतःच्या यादीत घाला.

किती मनुका चालतील, असं मला नेहमी विचारतात. सुरक्षित आकडा सांगता येत नाही. द्राक्षाचं वाण आणि पिकलेपण यावर त्यातलं आम्ल कमी-जास्त होतं. एखादं कुत्रं बरीच द्राक्षं खाऊनही ठणठणीत राहतं, तर दुसरं मूठभरात जातं. सुकवल्यावर पाणी उडतं आणि आम्ल उरतं, म्हणून मनुका-बेदाणे द्राक्षांपेक्षा जास्त घातक. नाशिक, सांगली, तासगाव भागात राहत असाल तर हंगामात बागेच्या बांधावर पडलेले घड आणि बेदाण्याच्या शेडभोवतीचा माल यावरही नजर ठेवा. शिरा, पुलाव, लाडू, फ्रूट केक आणि मोदकाचं सारण, या सगळ्यांत मनुका लपलेली असते.

*कांदा आणि लसूण*

कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. साधारण शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला की त्रास होऊ शकतो. दहा किलोच्या कुत्र्याला पन्नास ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. रोज थोडा थोडा दिला तरी नुकसान साचत जातं. लसूण वजनाला वजन कांद्यापेक्षा कितीतरी जास्त तीव्र.

शिजवून, तळून किंवा वाळवून यातलं विष जात नाही. कांद्याची पूड तर आणखी घट्ट, आणि ती चिप्सच्या मसाल्यात, सूपच्या पाकिटात, नूडल्सच्या पुडीत असते. इथे एक चूक घरोघरी होताना दिसते. कुत्रं आजारी पडलं की त्याला चिकनचा रस्सा-भात देतात. तिखट लागू नये म्हणून फोडी नळाखाली धुऊन देतात. मसाला धुतला जातो, पण वाटणातला कांदा-लसूण तासभर त्या चिकनमध्ये मुरलेला असतो, तो धुतला जात नाही. कुत्र्यासाठी चिकन काढायचं तर कांदा पडायच्या आधी, नुसत्या पाण्यात उकडून, वेगळं काढा.

लक्षणं उशिरा येतात. कुत्रं मलूल होतं, दोन जिने चढून धापा टाकतं, हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद तांबूस किंवा कॉफीच्या रंगाची होते. निरोगी असताना हिरड्यांचा गुलाबी रंग नीट बघून ठेवा, म्हणजे फरक कळेल.

*चॉकलेट, कोको, कॉफी, चहा*

कोकोतलं थिओब्रोमिन माणसाच्या शरीरातून लवकर निघून जातं. कुत्र्याच्या अंगात ते निम्मं व्हायलाच सतरा-अठरा तास लागतात. किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आसपास उलट्या-जुलाब आणि अस्वस्थपणा, चाळीस-पन्नासला हृदयाचे ठोके बिघडणं, साठला आकडी.

दहा किलोच्या कुत्र्याला त्रास सुरू व्हायला दुधाचं चॉकलेट शंभर ग्रॅमच्या पुढेमागे लागतं, डार्क चॉकलेट चाळीस ग्रॅमच पुरतं, आणि केकसाठी आणलेली बिनसाखरेची कोको पूड दीड-दोन मोठे चमचे. तीन किलोच्या पॉमला डार्क चॉकलेटच्या दोन वड्या पुष्कळ झाल्या. पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन जवळपास नसतं, पण चरबी इतकी की पोट बिघडतंच. चहाचा चोथा आणि कॉफीची पूड कचऱ्याच्या डब्यात टाकता ना? त्या डब्याला झाकण हवं, पायानं उघडणारं नव्हे, घट्ट बसणारं.

*शुगरफ्री च्युइंगम आणि गोळ्या*

यात साखरेऐवजी घातलेलं झायलिटॉल सगळ्यात वेगानं काम करतं. कुत्र्याचं शरीर त्याला साखर समजून इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली साखर कधी दहा मिनिटांत, कधी तासाभरात कोसळते. कुत्रं लडखडतं, उलटी करतं, पडतं, आकडी येते. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्यानं साखर उतरते, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होऊ शकतं. लहान कुत्र्याला च्युइंगमच्या एक-दोन गोळ्याही धोक्याच्या ठरू शकतात.

सगळ्या शुगरफ्री वस्तूंत झायलिटॉल नसतं. चहात घालायच्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा दुसरंच काही असतं. म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचा. झायलिटॉल असं नाव किंवा नुसता ९६७ हा क्रमांक दिसला तर ते कपाटाच्या वरच्या खणात. टूथपेस्ट, माउथवॉश, मधुमेहींसाठीची बिस्किटं आणि पीनट बटरही वाचून घ्या. कुत्र्याला गोळी भरवायला पीनट बटर वापरणारे पुष्कळ आहेत, त्यांनी तर जरूर. आणि पाहुण्यांच्या पर्सेस जमिनीवर ठेवू देऊ नका.

*हाडं आणि आंब्याची कोय*

हे विष नाही, पण शस्त्रक्रियेपर्यंत नेणारं आहे. शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि चावलं की सुईसारखं फुटतं. कोंबडीची नळी सगळ्यात वाईट. माशाचा काटा घशात अडकतो. रविवारचं मटण झालं की ताटातली हाडं गोळा करून कुत्र्यापुढे ठेवायची सवय मोडणं हे आपल्या घरातलं सगळ्यात कठीण काम, कारण त्यात कुत्र्याचा आनंद डोळ्यांना दिसतो.

मे महिन्यात कोय. आंबा खाऊन कोय अंगणात टाकली की कुत्रं ती चाटतं, चोखतं आणि मध्यम आकाराचं असेल तर अख्खी गिळतं. ती आतड्यात अडकते. एक्स-रेमध्ये हाडासारखी ठळक दिसत नाही, सोनोग्राफी लागते. मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचंही तेच. खाल्लेलं अन्न परत परत बाहेर येणं, शी न होणं आणि पोटाला हात लावू न देणं ही खूण दिसली तर 'उद्या बघू' म्हणू नका.

*तळण, तूप, चरबी*

दिवाळीनंतरच्या आठवड्यात स्वादुपिंडाला सूज आलेली कुत्री दवाखान्यात दिसतात. चकली, चिवडा, करंजी, मटणाच्या रश्श्यावरची तर्री, तळणीचं उरलेलं तेल. कुत्रं पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवून राहतं, नमस्कार घातल्यासारखं. ते खेळाचं आमंत्रण नसेल, सोबत उलट्या आणि मलूलपणा असेल, तर पोटात कळ आहे. डॅशंड आणि लठ्ठ कुत्र्यांना जास्त जपा.

*बुरशी आलेलं*

पावसाळ्यात पावाला हिरवं यायला दोन दिवस पुरतात. आपण तो खात नाही, 'वाया कशाला घालवायचा' म्हणून कुत्र्याला टाकतो. काही बुरश्यांच्या विषानं कुत्र्याला अंगभर थरथर आणि आकडी येते, आणि खवट-बुरसट शेंगदाण्यांतलं किंवा मक्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृत खातं. आपल्याला खावंसं वाटत नाही ते त्यालाही नको, रस्त्यावरच्या कुत्र्यालाही नको.

*बाकीचं थोडक्यात*

दारू कोणतीही नको. यीस्ट घालून मळलेली पावाची किंवा नानची कच्ची कणीक पोटात फुगते आणि तिथेच तिची दारू होते, म्हणून ती झाकून उंचावर ठेवा. होळीची भांग घातलेली थंडाई किंवा वडी कुत्र्याला फार लागते, ते झोकांड्या खातं, लघवी सुटत राहते. डॉक्टरांपासून हे लपवू नका, खरं कळलं तर उपचार नीट होतात. जायफळ पुरणातल्या चिमटीनं काही करत नाही, अख्खं खाल्लं तर करतं. दूध हे विष नाही, पण वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांना बहुधा पचत नाही. आणि हे खाणं नसलं तरी सांगते, तापासाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनानं कधीही देऊ नका.

४. घरातल्या सगळ्यांना सांगा

तुम्ही एकट्यानं हे वाचून भागणार नाही. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, सासू-सासरे, मुलं, शेजारच्या आजी, सगळे प्रेमानं देतात. 'देऊ नका' एवढंच सांगितलं की माणसं दुखावतात आणि गुपचूप देतात. त्याऐवजी एक लहान डबा भरून ठेवा आणि म्हणा, याला द्यायचं असेल तर यातलं द्या. डब्यात गाजराचे तुकडे, काकडी, बिया काढलेलं सफरचंद, उकडलेल्या अंड्याचे चतकोर, उकडलेला लाल भोपळा. शिजवलेला भात, बिनमिठाचं उकडलेलं हाडविरहित चिकन आणि चमचाभर दहीही चालतं. हा वरचा खाऊ दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको.

फ्रिजवर कागद लावा. आमच्या कागदावर मोठ्या अक्षरात पाचच शब्द आहेत: मनुका, चिंच, कांदा-लसूण, चॉकलेट, हाडं. खाली भुरीचं वजन आणि दोन फोन नंबर. शेजारच्या आजी आता भुरीसाठी आरतीनंतर ओल्या खोबऱ्याचा एक तुकडा बाजूला काढून ठेवतात.

५. खाल्लंच तर

तोंडात असेल ते काढा आणि उरलेलं उचला. काय, किती आणि किती वाजता, हे तिन्ही फोनमध्ये लिहा. पाकीट असेल तर फेकू नका, बरोबर घ्या. उलटी झाली असेल तर तिचा फोटो काढा.

मग लगेच डॉक्टरांना फोन. लक्षणं दिसेपर्यंत थांबायचं नाही. खाल्ल्यावर साधारण दोन तासांच्या आत पोहोचलात तर इंजेक्शननं उलटी काढून बराचसा माल बाहेर येऊ शकतो. मनुका आणि कांद्याच्या बाबतीत कुत्रं त्या वेळी शेपूट हलवत उभं असतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "बघ, ठीक आहे की." त्या क्षणी निघा.

मिठाचं पाणी पाजू नका. हा आपल्याकडचा जुना उपाय आहे आणि त्यानंच कुत्र्याच्या रक्तात मीठ वाढून मेंदूला सूज येऊ शकते. घशात बोटं घालू नका. दूध, तूप, ताक, लिंबू यानं विष उतरत नाही, आणि मलूल कुत्र्याला जबरदस्तीनं पाजलं तर ते फुप्फुसात जातं. टोकदार हाड गिळलं असेल तर उलटी काढणं उलट घातक, वर येताना ते अन्ननलिका फाडतं. अपवाद एकच. झायलिटॉल खाल्लंय आणि कुत्रं लडखडू लागलंय, तर फोनवर डॉक्टरांना विचारून वाटेत हिरड्यांवर थोडा मध किंवा साखरेचा पाक चोळा. पाजायचा नाही, चोळायचा.

६. दवाखान्यातून घरी आल्यावर

उलटी काढली म्हणजे संपलं, असं समजून अनेक जण तपासण्या सोडतात. मनुका, द्राक्षं किंवा चिंच असेल तर २४, ४८ आणि ७२ तासांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, बघायला सांगतात, ते चुकवू नका. कुत्रं किती वेळा आणि किती लघवी करतं ते लिहा. लघवी कमी होत गेली तर रात्र असली तरी परत न्या. कांद्यानंतर आठवडाभर सकाळी उजेडात हिरड्या बघा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्त तपासून घ्या. झायलिटॉलनंतर साखर ताळ्यावर आली तरी यकृताची तपासणी तीन दिवस चालते. चॉकलेट खाल्लं असेल तर कुत्र्याला दर दोन-तीन तासांनी खाली फिरायला न्या, रात्रीसुद्धा. थिओब्रोमिन लघवीतून बाहेर पडतं, पण मूत्राशयात लघवी साठून राहिली की तिथूनच ते परत रक्तात शोषलं जातं.